अंजीर उठवण्याची परवानगी

दोनातोनं आयुष्यात शेवटचं धडधाकट काम केलं ते अंजिराला पुरण्याचं. त्यानंतर थोड्याच दिवसांत लोकांनी दोनातोला पुरलं. गल्लीचं मत असं पडलं, की क्रम बरोबर झाला. आधी माणूस गेला असता आणि झाड उभं राहिलं असतं, तर पंचाईत झाली असती. थंडी तोंडावर, आणि झाड पुरायला घरात एक मुलगी. तीही वाचनालयात काम करणारी.

अंजिराला पुरणं ही टोरोंटोच्या त्या गल्लीत नवलाची गोष्ट नव्हती. अंजीर हे झाड मुळात या देशात यायलाच नको होतं. पण हे वाक्य गल्लीत कोणी मोठ्यानं म्हणत नसे, कारण ते बऱ्याच जणांना लागू पडलं असतं. दक्षिण इटलीतून आलेल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या अंजिराची काडी सोबत आणली होती आणि तिला जगवायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. पानं गळली, की फांद्या दोरीनं बांधायच्या. बुंध्याच्या एका बाजूची मुळं कुदळीनं तोडायची, दुसऱ्या बाजूची तशीच ठेवायची. मग त्या शाबूत मुळांवर झाडाला हळूहळू कलतं करत खड्ड्यात आडवं निजवायचं. वर फळ्या, फळ्यांवर जुने गालिचे, गालिच्यांवर जुने कोट, आणि कोटांवर माती. ईस्टर उलटला, की उठवायचं.

शेजारचे पोर्तुगीज सेन्योर ओरासियो या सगळ्याला अडाणीपणा म्हणत. ते आपलं अंजीर उभंच ठेवत, त्याला गोणपाट आणि गालिचा गुंडाळत, आणि शेंड्यावर एक बादली पालथी घालत. हिवाळाभर ते झाड त्यांच्या परसात शिक्षा झालेल्या शिपायासारखं उभं असे. दोनातो कुंपणाच्या अलीकडून म्हणे, "झाडाला बादली घालणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय असेल?" ओरासियो पलीकडून म्हणत, "जिवंत झाडाला पुरणाऱ्याच्या डोक्यात असेल तेच." या दोन वाक्यांवर दोघांची मैत्री सगळं आयुष्य टिकली.

दोनातोची मुलगी ओर्नेला पन्नाशी ओलांडलेली होती. वडिलांच्या आजारपणासाठी ती या घरात परत राहायला आली आणि आता ते नसतानाही इथेच होती, कारण जायचं कुठे याचा विचार करायला अजून सवड झाली नव्हती. माणूस मेल्यावर त्याचं न मेलेलं बरंच काही मागे उरतं. त्याचा फोन, त्याचं विजेचं बिल, त्याचा दंतवैद्य. हे सगळं ओर्नेलानं शांतपणे एकेक करून मिटवलं. वाचनालयात लोक तिच्याकडे अर्ज भरून घ्यायला येत. अर्जांची तिला भीती नव्हती. हिवाळाभर ती वाचनालयातून आली, की परसातल्या त्या लांबट ढिगाऱ्यावर फावड्यानं बर्फ रचत असे. बर्फाखाली झाडाला ऊब राहते, असं वडील म्हणत. बाकी सगळं मिटवायचं होतं. एवढं एकच उठवायचं होतं. वसंतात अंजीर उठवायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. त्यापुढचं तिनं काहीही ठरवलं नव्हतं.

"ईस्टरच्या आधी हात लावायचा नाही," उजवीकडच्या घरातल्या त्सिया फिलोमेनानं बजावलं. त्सिया म्हणजे मावशी. ती नात्यानं कोणाचीच कोणी नव्हती आणि गल्लीतल्या सगळ्यांची मावशी होती. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर ती दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसे. खिडकीसमोर रेल्वेचा एकेरी रूळ, त्यापलीकडे आभाळ. तिचं दूरदर्शन तेच.

"ईस्टरनंतरसुद्धा लावू नकोस," डावीकडून ओरासियो म्हणाले.

"म्हणजे कधी लावू?"

ओरासियोंनी टोपी काढली, आतून पाहिली, परत घातली. "घाई काय आहे, पोरी," एवढंच म्हणाले आणि घरात गेले. इतकी वर्षं अंजिरावर बोलायची संधी त्या माणसानं सोडली नव्हती. ओर्नेलाला वाटलं, म्हातारे थकले.

त्याच सुमारास रेल्वे आली. म्हणजे रेल्वे आधीपासून होतीच. सकाळी लोकांना शहरात नेऊन टाकायची आणि संध्याकाळी परत आणायची, मधल्या वेळात कुठे असायची कोणालाच ठाऊक नाही, अशी डिझेलची दुमजली गाडी. आता एका रुळाचे दोन होणार होते, वर विजेच्या तारा येणार होत्या, गाड्या दिवसभर दोन्हीकडे धावणार होत्या. हे ओर्नेलाच्या लहानपणापासून होणार होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी या विजेच्या गाडीची वाट पाहत निवृत्ती घेतली होती आणि उरलेल्यांपैकी बरेच तिची वाट पाहत दोनातोच्या शेजारी जाऊन पडले होते. त्यामुळे शाळेच्या व्यायामशाळेत रेल्वेनं माहितीची सभा ठेवली, तेव्हा लोक गेले ते मुख्यतः फुकटच्या कॉफीसाठी. भिंतींवर मोठमोठी चित्रं होती. चित्रांत स्वच्छ गाडी, हसरी माणसं आणि रुळालगत दाट हिरवी झाडं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की तारांजवळची सगळी झाडं काढली जातील.

मग मोजणीवाले आले. त्यांनी तिपाईवर दुर्बीण ठेवली, गुलाबी झेंड्या रोवल्या, आणि दोनातोनं उभ्या आयुष्यात घरातल्या कोणाला सांगितली नव्हती अशी एक गोष्ट अर्ध्या सकाळीत उघडी केली. घराचं मागचं कुंपण रेल्वेच्या जमिनीत होतं. चांगलं आत. दर वसंतात दोनातो कुंपण दुरुस्त करायचा आणि दर दुरुस्तीत ते वीतभर पुढे सरकायचं. राज्यं अशीच वाढतात. दोनातोनं त्यासाठी कोणाला मारलं नव्हतं, एवढाच फरक. टोमॅटो, वाल, तुळस, सगळं रेल्वेच्या मालकीच्या मातीत पिकत आलं होतं. आणि अंजिराचा ढिगारा तर रेल्वेच्या हद्दीच्या पार मधोमध होता.

"तुझ्या बापानं रेल्वे खाल्ली!" त्सिया फिलोमेना कौतुकानं म्हणाली. "आणि आपण सगळ्यांनी त्याचे टोमॅटो खाल्ले. म्हणजे आपण सगळे चोर."

ओर्नेलानं रेल्वेच्या लोकसंपर्क विभागात फोन लावला. तिथे शॅनन नावाची एक तरुण बाई होती. तिचा आवाज इतका समंजस होता, की तिच्यावर रागावणं म्हणजे उशीवर गुद्दे मारणं. आपल्या घरामागचं एक झाड वाचवायचं आहे, असं ओर्नेलानं सांगितलं.

"तुमच्या घरामागे यादीत झाड नाही," शॅनन म्हणाली.

"आहे. ते जमिनीखाली आहे."

"म्हणजे मुळं?"

"नाही, सगळंच. आडवं."

"पडलंय का?"

"निजवलंय."

"आमच्या वृक्षतज्ज्ञांनी फेब्रुवारीत पाहणी केली, तेव्हा त्यांना दिसलं नाही."

"फेब्रुवारीत ते दिसलं असतं, तर मेलं असतं."

"तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे," शॅनन म्हणाली, आणि तिनं खरंच ऐकलं होतं. तिचा एवढाच दोष होता, की ऐकण्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं. यादीत नसलेल्या झाडाला संरक्षण नाही. यादीत यायचं तर झाड दिसायला हवं. दिसायचं तर ते उठवायला हवं. उठवायचं तर खोदायला हवं. रेल्वेच्या हद्दीत खोदायला परवानगी हवी, आणि झाडासाठी परवानगी मिळते ती फक्त यादीतल्या झाडांना. बंद दारापुढे आयुष्य काढणाऱ्या माणसांची पुस्तकं ओर्नेलानं पुष्कळ वाचली होती. ती वाचताना तिला नेहमी वाटायचं, की त्या माणसांनी जरा नीट चौकशी केली असती तर काम झालं असतं.

शेवटी वाट शॅनननंच काढली. जमिनीखाली असलेल्या वस्तूंसाठी वेगळा विभाग होता. गॅसच्या नळ्या, पाण्याच्या नळ्या, टेलिफोनच्या तारा. त्या विभागात अंजिराची नोंद करता येईल. ओर्नेलानं ती केली. वस्तूचा प्रकार: इतर. वस्तूचा मालक: दिवंगत. वस्तूमधून काय वाहतं, या प्रश्नापाशी ती बराच वेळ थांबली आणि मग तिनं लिहिलं, 'सध्या काही नाही.'

त्यानंतर खुणा करणारा माणूस आला. त्याच्याकडे रंगांचे फवारे होते. गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा. अंजिराला कुठला, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं. तो ढिगाऱ्याभोवती दोनदा फिरला.

"पिकल्यावर कुठल्या रंगाचं होतं?" त्यानं विचारलं.

"जांभळ्या."

त्यानं ढिगाऱ्याभोवती जांभळी चौकट मारली. ओरासियो कुंपणाशी उभे राहून हे पाहत होते. एरवी त्यांनी यावर आठवडाभर पुरेल एवढं तोंडसुख घेतलं असतं. त्या दिवशी त्यांनी फक्त मान हलवली.

ईस्टर आला आणि गेला. बाकीच्या परसांत म्हातारे खोदू लागले. ओर्नेला रोज संध्याकाळी जांभळ्या चौकटीपाशी उभी राहायची. उशीर झाला, की पुरलेलं झाड अंधारातच कोंब काढतं, आणि ते कोंब पांढरे, आजारी असतात, मग बुरशी. हे तिला वडिलांनी सांगितलं होतं. रुग्णालयातही ते याच विषयावर बोलत. शेवटच्या दिवसांत त्यांना मुलीचं नाव कधी आठवे, कधी नाही. अंजिराचं काय करायचं ते मात्र तोंडपाठ होतं.

मग रेल्वेनं एक मोठा ट्रक पाठवला. जमिनीखालची वस्तू खरोखर कुठे आहे याची खात्री करायची, तर कुदळ चालत नाही. पाण्याच्या फवाऱ्यानं माती सैल करायची आणि जाडजूड नळीनं ओढून घ्यायची. ट्रकवाल्यानं एका कोपऱ्यात नळी लावली. नळीनं थोडी माती ओढली, मग घशात हाड अडकल्यासारखा आवाज केला. ट्रकवाल्यानं यंत्र बंद केलं आणि नळीच्या तोंडातून जे अडकलं होतं ते बाहेर खेचलं. ती कोटाची बाही होती. काळ्या, जाड, पुरुषाच्या कोटाची. बाकीचा कोट जमिनीत होता.

माणसाच्या लांबीचा ढिगारा. त्यात माणसाचा कोट. आणि घरातला म्हातारा हिवाळ्यापासून कोणाला दिसलेला नाही. ट्रकवाल्यानं पोलिसांना फोन केला यात त्याची काही चूक नव्हती.

ओर्नेला वाचनालयातून परत येईपर्यंत परसाला पिवळी पट्टी लागली होती आणि तरुण पोलीस त्सिया फिलोमेनाची साक्ष घेत होता. ती खिडकीतूनच बोलत होती.

"बाई, तिथे काय पुरलंय?"

"अंजीर."

"अंजिराला कोट कशाला?"

"तू थंडीत उघडा फिरतोस का?"

पोलिसानं ते लिहून घेतलं. "आणि हा कोट ज्यांचा, ते कुठे आहेत?"

"पुरलेत."

पोलिसाची पेन्सिल थांबली. "कुठे?"

"दफनभूमीत, अजून कुठे? सूट घालून. कोट झाडाला दिला ना त्यानं."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मी पाहिलं? अरे, मी रडले! या मुलीला विचार. ती नाही रडली. पण होती."

पोलिसानं ओर्नेलाकडे वळून पाहिलं. न रडलेली मुलगी ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आयुष्यभर लोकांना शांतता राखा म्हणत आलेली ती बाई, स्वतःच्या परसात, स्वतःच्या शेजाऱ्यांदेखत, आपण बापाला मारून पुरलेलं नाही हे सांगत उभी राहिली. मृत्यूचा दाखला दाखवला. तो खरा ठरला. पण नियम होता. पुरलेले अवशेष तपासणारा तज्ज्ञ येऊन पाहीपर्यंत पट्टी निघणार नव्हती.

तज्ज्ञ लवकर मोकळा नव्हता. तोवर ऊन तापलं. वर्षात पहिल्यांदाच लोक नुसत्या सदऱ्यावर बाहेर पडले, आणि जमिनीखाली, कोटांखाली, गालिच्यांखाली काय होत असेल याचा विचार न करण्यासाठी ओर्नेलानं स्वयंपाकघराची सगळी कपाटं पुसून काढली.

शेवटी तज्ज्ञ आला. लाजाळू, चष्मेवाला. त्यानं गुडघे टेकून लहान थापीनं आणि ब्रशनं माती बाजूला केली, गालिच्याची घडी हलकेच उलगडली, आणि एका फांदीवरून ब्रश फिरवला. गल्लीत कुठल्याही अंजिराला इतक्या मायेनं कोणी उघडं केलं नव्हतं. मग त्यानं सगळं पहिल्यासारखं झाकलं. त्याच्या अहवालात लिहिलं होतं: मानवी अवशेष नाहीत. एक वनस्पती, कपड्यांसह.

आणि इथेच नशीब फिरलं, निदान तसं वाटलं. शॅननचा फोन आला तेव्हा ती जवळजवळ ओरडत होती. "तुमचं झाड यादीत आलं! पोलिसांच्या अहवालात आहे! सरकारी कागदावर!" शिवाय पट्टी लावलेल्या परसाचं चित्र बातम्यांत येऊन गेलं होतं आणि रेल्वेच्या वरच्या मजल्यावर कोणालातरी शरम वाटली होती. अंजिराला 'सांस्कृतिक महत्त्वाचं झाड' असा दर्जा मिळाला. हद्दीतून कुंपण जाणार, टोमॅटो जाणार, वाल जाणार, अंजीर राहणार. तारांचा जो खांब नेमका तिथे यायचा होता, तो बाजूला सरकवला जाणार. नकाशा बदलणं म्हणजे काय मोठं काम असतं, हे शॅनननं दोनदा सांगितलं. ओर्नेलानं दोनदा आभार मानले. फोन ठेवल्यावर ती तशीच खुर्चीत बसून राहिली. आपण जिंकलो, ही भावना तिला इतकी अनोळखी होती, की ती नीट ओळखायला थोडा वेळ लागला.

अंजीर उठवण्याचा दिवस ठरला. रेल्वेच्या हद्दीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं, नारिंगी जाकीट आणि टोपी घालायची, असा नियम. त्सिया फिलोमेनानं प्रशिक्षणाची चित्रफीत पूर्ण पाहिली, मध्ये दोनदा क्रूसाची खूण केली, आणि जाकीट काळ्या पोशाखावर चढवलं. रेल्वेकडून डार्को नावाचा झेंडेवाला मुकादम आला होता. त्याचे वडील सर्बियात आलुबुखार पिकवत. झाड पुरायची कल्पना त्याला पटकन पटली.

"गाडी आली, की मी शिट्टी मारेन," तो म्हणाला. "शिट्टी झाली, की हात थांबवायचे, गाडीकडे तोंड करायचं, हलायचं नाही. झाड हातात असलं तरी नाही."

माती काढली. फळ्या काढल्या. कोट निघाले, एकेक करून. काळा कोट ओर्नेलानं घडी करून कठड्यावर ठेवला. मग फांद्यांना दोर लावला आणि सगळ्यांनी धरला. गल्लीतले चार म्हातारे, दोन म्हाताऱ्या, ओर्नेला, आणि बुंध्यापाशी ओरासियो.

"एक, दोन, हं..."

शिट्टी झाली. गाडी आली. दुमजली गाडीतली घरी निघालेली माणसं खिडकीतून पाहत गेली: नारिंगी टोप्या घातलेली आठ माणसं, अर्धवट उठलेलं एक झाड दोरानं धरून, त्यांच्याकडे तोंड करून स्तब्ध. एका पोरीनं आतून हात हलवला. नियमाप्रमाणे इकडून कोणी हलवला नाही.

गाडी गेली. "आता," डार्को म्हणाला.

त्यांनी ओढलं, आणि झाड उठलं. फार पटकन उठलं. अंजीर उठवायचं म्हणजे एका बाजूची मुळं जमिनीला घट्ट धरून असतात. त्यांच्याशी झोंबत, वाकवत, म्हातारे शिव्या घालत झाडाला सरळ करतात. हे झाड दाराआड टेकवलेल्या काठीसारखं आलं. दोर धरलेले दोघे मागे जाऊन बसले. बुंध्याखाली सगळीकडे कुदळीचे घाव होते. जुने, तपकिरी, नीट एका ओळीत मारलेले. दोनातो गवंडी होता. त्याचे घाव नेहमी सरळ असत.

मग त्सिया फिलोमेना मोठ्यानं म्हणाली, "त्या नळीनं केलं! त्या ट्रकनं तोडली मुळं!" आणि बाकीच्यांनी घाईघाईनं होकार भरला. ओरासियोंनी टोपी काढली. नारिंगी टोपीच्या खाली त्यांनी आपली टोपी घातलेली होती, तीही काढली.

झाड खड्ड्यात उभं केलं, माती दाबली, तीन बाजूंनी दोर बांधले. लोक गेल्यावर ओर्नेला कुंपणाशी गेली.

"ट्रकनं नाही केलं," ती म्हणाली.

"नाही," ओरासियो म्हणाले.

"तुम्ही पाहत होतात."

ओरासियोंनी टोपी हातात फिरवली. "पूर्वेची बाजू तोडून झाली. मग तो आत गेला, बहुतेक कॉफी प्यायला. परत आला आणि पश्चिमेची तोडायला लागला. मी म्हटलं, दोनातो, झालं की रे. तर म्हणाला, झाडाला बादली घालणाऱ्यानं मला शिकवू नये."

"मग?"

"मग काय, पोरी. आयुष्यभर मी त्याला सांगत आलो, की तू चुकतोयस. त्या दिवशी तो खरंच चुकत होता, आणि माझ्याकडे दुसरे शब्दच नव्हते." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "शेवटी मीच पलीकडे जाऊन त्याला झाड निजवायला मदत केली. त्याच्यानं एकट्यानं झालं नसतं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू रोज येऊन त्याच्यावर बर्फ रचत होतीस. तुला काय सांगू?"

ओर्नेलाला राग यायला हवा होता. तिनं वाट पाहिली, पण आला नाही. आत जाऊन तिनं काळा कोट फडताळात टांगला.

इथे ही गोष्ट संपली असती, तर बरं झालं असतं. पण सरकारी दर्जा एकदा मिळाला, की मेल्यानंही जात नाही. झाडाभोवती नारिंगी जाळी लागली, बुंध्याला पत्र्याचा क्रमांक लागला, एक माणूस येऊन फोटो काढून गेला. लिलाकच्या झुडपांना पानं आली. ओरासियोंच्या अंजिरानं बादली काढताच कोंब काढले. ते रोज सकाळी त्या झाडापुढे असे उभे राहत, जणू कोंब फुटल्याबद्दल त्याची खरडपट्टी काढायची आहे. दोनातोचं अंजीर उभं होतं, एवढंच. ओर्नेला त्याला पाणी घालायची. एका सकाळी तिनं नखानं साल खरवडून पाहिली. जिवंत अंजिराची साल आतून हिरवी असते. ही तपकिरी होती. दुसरी फांदी. तिसरी. तिनं शेंड्यापर्यंत हात पोहोचेल तिथपर्यंत खरवडलं आणि मग झाऱ्यात उरलेलं पाणी झाडाला घालूनच परत आली.

"थोडा उशीर होतोय, एवढंच," फोनवर शॅनन म्हणाली. "आमच्या तज्ज्ञांनी लिहिलंय, धक्का बसलेलं झाड वेळ घेतं."

आणि मग खांबाचा पाया आखायला माणसं आली. अंजिराची मुळं वाचवण्यासाठी सरकवलेला खांब कुठे सरकला होता, हे तेव्हा कळलं. त्सिया फिलोमेनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. बरोबर मधोमध. तिचा रूळ, तिच्या गाड्या, तिचं आभाळ, सगळं आता एका जाड लोखंडी खांबाच्या दोन्ही कडांना उरणार होतं.

ओर्नेला धावत गेली. त्सिया खुर्चीत बसून वाटाणे सोलत होती.

"त्सिया, मी त्यांना सांगते. मी..."

"काही सांगायचं नाही." त्सियानं वाटाण्यावरून नजर काढली नाही. "दोनातोच्या झाडासाठी खांब काय, अख्खं चर्च आणून उभं करू देत माझ्या खिडकीसमोर. पालवी फुटली का?"

"नाही अजून."

"फुटेल. त्या ट्रकवाल्यांवर खटला भर."

साऱ्या गल्लीचं हेच मत होतं. रेल्वेनं झाड मारलं. रेल्वेला कबूल करायला लावायचं. मत सोयीचं होतं. त्यात सगळ्यांची अब्रू राहत होती, आणि जो माणूस आयुष्यभर एकही वीट वाकडी बसवत नव्हता त्याची तर सर्वांत जास्त. ओर्नेलानं शॅननकडून नियम विचारून घेतला होता. झाड रेल्वेच्या कामामुळे मेलं असेल, तर चौकशी. चौकशी संपेपर्यंत झाड जागेवर, खांब नव्या जागेवर. मालकाच्या हातून मेलं असेल, तर काहीच नाही. नाव यादीतून जाईल, नकाशा पहिल्यासारखा होईल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, वाचनालयाच्या मागच्या खोलीत परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाऱ्याजवळ उभी राहून तिनं फोन लावला.

"झाड मेलं आहे," ती म्हणाली.

"अरेरे. पण नक्की? आमच्या तज्ज्ञांनी..."

"नक्की. मुळं सगळ्या बाजूंनी तोडलेली आहेत."

"ट्रकमुळे?" शॅननचा आवाज सावध झाला.

"नाही."

"मला कारण लिहावं लागेल, मिस ओर्नेला."

"माझ्या वडिलांनी तोडली. त्यांना एका बाजूची तोडायची होती. ती तोडून झाली, हे ते विसरले." तिनं श्वास घेतला. "ते पुष्कळ गोष्टी विसरत होते. त्यांना माझं नाव आठवत नसे. मुळांचं विसरतील, असं मला वाटलं नव्हतं."

शॅननला या वेळी 'तुमचं म्हणणं मी ऐकलं आहे' असं म्हणणं सुचलं नाही. मग तिनं, अगदी वेगळ्याच आवाजात, वडील कधी गेले ते विचारलं. ओर्नेलानं सांगितलं. एवढंच बोलणं झालं, पण मागच्या खोलीचं दार उघडून तिची सहकारी आत आली, तिनं ओर्नेलाचा चेहरा पाहिला, आणि आवाज न करता दार ओढून घेऊन परत गेली.

झाड कापायला डार्कोच आला. त्याच्याबरोबर करवतवाला होता. ओरासियो कुंपणापाशी उभे राहिले, टोपी काढून. शिट्टी झाली, गाडी गेली, मग करवत चालली. अंजिराचं लाकूड मऊ आणि हलकं असतं. फार वेळ लागला नाही. डार्कोनं विचारलं, एखादा तुकडा ठेवायचाय का? ओर्नेला नको म्हणाली. खिडकीतून त्सिया फिलोमेना पाहत होती. दुपारपर्यंत तिच्या खिडकीसमोरची आखणी पुसून पुन्हा जुन्या जागी, मोकळ्या झालेल्या मातीत, केली गेली.

संध्याकाळी ओर्नेला स्वयंपाकघरात उभी होती, पाणी उकळायला ठेवावं की नाही या विचारात. मागचं दार ढकलून त्सिया आत आली. शस्त्रक्रियेनंतर ती पायऱ्या चढत नसे. आज चढली होती. हातात फडक्यात गुंडाळलेलं मोठं पातेलं. मागे ओरासियो, हातात पाव आणि घरची वाइन. घरात मरण झालं, की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात. गल्लीत ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, इटालियनांना आणि पोर्तुगीजांनाही.

"त्सिया," ओर्नेला म्हणाली, "ते झाड होतं."

"मी कुठे म्हटलं, माणूस होता?" त्सियानं खुर्ची ओढली, पातेल्याचं झाकण काढलं. "बस. पास्ता गार होतोय."

ओर्नेला बसली. पहिला घास तोंडात गेला आणि तिला रडू फुटलं, बेढब, मोठ्यानं, घास तोंडात तसाच असताना. ओरासियो खिडकीबाहेर पाहू लागले. त्सियानं तिच्या ताटात आणखी वाढलं.